भाऊजींची उबेतली झुरळं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घरात झुरळं पाळली. झाली नव्हती, पाळली. ज्यांच्यामागे अख्खं जग चप्पल घेऊन धावतं, त्यांना आमचे भाऊजी गाजराच्या चकत्या करून घालत होते, आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून भिंतीवर नियमांचा कागद चिकटवत होते. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि संध्याकाळी जेवायला ताईकडे असते. माझ्या पायाखाली सध्या किती झुरळं नांदताहेत, त्यातली किती गाभण आहेत, हे मला ताटावर बसल्या बसल्या ऐकावं लागायचं.

भाऊजींचा धंदा इस्त्र्या, गीझर, मिक्सर आणि हीटर दुरुस्त करण्याचा. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. ते इतकं अरुंद, की गिऱ्हाइकाला आत घ्यायचं तर भाऊजींना बाहेर यावं लागतं. हाताला गुण आहे, खोटं कशाला बोलू. बंद पडलेली इस्त्री कानाशी धरून हलवतात आणि आत काय सुटलंय ते सांगतात. पण इस्त्री आणणाऱ्याला आधी बोलणी खावी लागतात. "वायर अशी आवळून गुंडाळतात का? कुणाचा गळा आवळताय?" गिऱ्हाईक मान खाली घालून ऐकून घेतं. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. तिथे तर लोक स्वतःहून तोंड उघडून बसलेले असतात, तरी आमचे डॉक्टर इतकं बोलत नाहीत.

आणि या माणसाची स्वतःची चूक म्हणून कधी होत नाही. एकदा चष्मा स्वतःच खुर्चीत ठेवला, स्वतःच त्यावर बसले, आणि काच फुटल्यावर ताईला विचारलं, "ही खुर्ची इकडे कुणी सरकवली?" ताई म्हणाली, "मी." तिने सरकवली नव्हती. पण लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर बायको हिशेब ठेवायचं सोडून देते. पडलं तरी नाक वर, असा आमच्या भाऊजींचा कारभार, आणि ते नाक वर राहावं म्हणून खालून हात लावणारी माझी बहीण.

खुर्ची, चष्मा इथवर ठीक होतं. तीन हिवाळ्यांपूर्वी जे झालं ते ठीक नव्हतं. यांच्या एकुलत्या एका मुलीच्या खोलीतला हीटर सारखा मधेच बंद पडायचा. भाऊजींनी तो उघडून पाहिला. हीटर फार तापला की वीज तोडणारा एक छोटासा भाग आत असतो, त्याला कट-ऑफ म्हणतात. तो बिघडला होता. भाऊजींनी तो काढला, दोन वायरी सरळ एकमेकींना जोडल्या आणि नवा कट-ऑफ आणेपर्यंत दोन दिवस चालवू म्हणून हीटर परत खोलीत नेऊन ठेवला. दोन दिवसांचे दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी खिडकीचा पडदा हीटरवर गेला. हीटर बंद होईना. पडद्याने पेट घेतला आणि माझ्या भाचीने तो हाताने ओढून खाली पाडला, पायाने विझवला. घर वाचलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून पूर्ण मिटत नाहीत.

हाताला पट्ट्या गुंडाळून ती खाटेवर पडलेली असताना भाऊजी काय म्हणाले? "हीटरजवळ पडदा कशाला ठेवायचा?"

चार दिवसांनी ताईने त्यांचा दुकानातला कोट धुवायला काढला, तर खिशात तो काढलेला कट-ऑफ. तिने तो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. भाऊजींनी तो उचलून परत खिशात घातला आणि जेवले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि भाचीला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तिने दोन महिने वाट पाहिली. बापाने एकदा 'चुकलं माझं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मी भाऊजींना तसं तोंडावर सांगितलं, तर मला म्हणाले, "तुला विजेतलं काय कळतं?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर जळला तो सुंभही पोरीचाच होता. मग तिने दूरच्या शहरात नोकरी धरली आणि बापाशी बोलणं बंद केलं. दर रविवारी सकाळी आईच्या फोनवर फोन करायची. बाप त्याच खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलेला असायचा आणि पान काही उलटायचं नाही.

तोंडाने कबूल केलं नाही, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. भाऊजी दिसेल त्या वस्तूला कट-ऑफ लावू लागले. मिक्सरला लावला, माझ्या इस्त्रीला जास्तीचा लावला, ताईच्या शिलाई मशीनवरच्या दिव्यालाही लावला. दिवा पाच मिनिटांत विझायचा आणि ताई अंधारात सुई शोधायची. गल्लीतल्या दुकानदारांनी त्यांचं नावच 'कट-ऑफ' ठेवलं. "कट-ऑफ आले का?" "आत्ताच गेले." भाऊजींना वाटायचं, ही कामाची पावती आहे.

आणि मग सरडा आला. भाचीने तिकडे एक सरडा पाळला होता. मग तिला नोकरीच्या ठिकाणची खोली मिळाली आणि तिथे जनावर चालत नव्हतं. म्हणून एक दिवस, बाप दुकानात आहे हे विचारून घेऊन, ती आली. काचेची पेटी, दिवा आणि सरडा आईच्या हवाली केला आणि बाप घरी यायच्या आत गेली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ताईची गत. सरडा कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा, हनुवटीखाली काट्यांची दाढी, आणि डोळे अर्धे मिटून असा बसायचा, की जणू सगळ्यांच्या रजेचे अर्ज त्याच्याकडे पडून आहेत. मी त्याला साहेब म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

साहेबांना पालेभाजी चालायची, पण जिवंत किडे लागायचेच. ताईने पहिल्या दिवशी किड्यांची डबी उघडली, मिटली आणि पलंगावर जाऊन बसली. संध्याकाळी भाऊजींनी कुणाला न विचारता डबी उचलली, चिमट्याने एक किडा धरला आणि साहेबांपुढे नेला. साहेबांनी जीभ काढली आणि किडा गेला. भाऊजी बराच वेळ तिथेच उभे होते. त्यानंतर सरड्याचं सगळं त्यांच्याकडे.

किडे देणाऱ्या दुकानदाराने हिवाळ्याच्या तोंडावर दुकान आवरलं आणि चष्म्याचं टाकलं. जाताना उरलेली दीडएकशे झुरळं त्याने भाऊजींच्या गळ्यात मारली. "घरीच वाढवा. कधी कमी पडणार नाहीत." ही आपली मोरीतली झुरळं नव्हेत. ही जात उडत नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाही, अंडी न घालता पिल्लंच घालते. हे सगळं मला भाऊजींनी आमटी वाढून घेताना सांगितलं. फक्त एकच अट होती. त्यांना ऊब हवी. खोलीत गारठा असला तर ती मरत नाहीत, पण खात नाहीत, वाढत नाहीत आणि पिल्लं घालत नाहीत. आणि भाचीची खोली, जिथे हे सगळं मांडलं होतं, ती घरातली सर्वांत गार खोली. तिथे आता हीटर नव्हता. कुणी ठेवलाच नव्हता.

ताईने पांघरुणं ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा खोका दिला. म्हणजे भाऊजींनी तो घेतला आणि पांघरुणं आमच्या दोघींच्या अंगावर टाकली. झाकणाला चौकोन कापून तारेची बारीक जाळी बसवली. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले, म्हणजे झुरळांना लपायला घरं. आता ऊब.

पहिल्यांदा झाकणावर बल्ब टांगला. दुसऱ्या दिवशी झाकण मधोमध बशीसारखं खोलगट झालं. भाऊजी म्हणाले, "हल्ली झाकणं बेकार बनवतात." मग एक हीट मॅट आणली, म्हणजे पातळ, वीज लावली की तापणारी चटई, आणि तिच्यावर खोका ठेवला. सकाळी पाहतात तर सगळी झुरळं ट्रेच्या वरच्या टोकाला, एकावर एक, जणू पूर आलाय. भाऊजी स्टूल घेऊन खोक्यापुढे बसले ते दुपारपर्यंत. दुकान उघडलंच नाही. जेवायच्या वेळी त्यांना उलगडा झाला. गरम झालं की झुरळ खाली गारव्याला पळतं, आणि आपण खालूनच भट्टी लावली, तर ते जाणार कुठे? शिवाय चटईवर सगळा भार, मधे हवा नाही, त्यामुळे प्लॅस्टिकही तापून मऊ होणार. त्यांनी चटई उचलली आणि खोक्याच्या एकाच बाजूला, बाहेरून, खालच्या भागात लावली. एक टोक उबदार, दुसरं गार. ज्याला जिथे बरं वाटेल तिथे त्याने बसावं. आमच्या घरात माणसांना एवढी मुभा कधी मिळाली नव्हती.

आणि मग नियमांचा कागद. चटई कधीही खोक्याच्या आत नाही, किडे कुरतडतात आणि ओल धरते. चटईवर कापड, ब्लँकेट, काही टाकायचं नाही. पुठ्ठे गरम भिंतीला टेकवायचे नाहीत. वायरला भिंतीतल्या सॉकेटच्या आधी खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी ओघळलं तर झोक्यावरून गळून जाईल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. चटई थेट सॉकेटला लावायची नाही, मधे थर्मोस्टॅट हवा. या थर्मोस्टॅटला लांब वायर असते आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा धातूचा सेन्सर. तो खोक्यात, झुरळं बसतात तिथे, नीट चिकटवायचा. तिथे तीस डिग्री झाली की थर्मोस्टॅट चटई बंद करतो, उतरली की चालू. आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून: सेन्सर खोक्याबाहेर राहिला = चटई थांबणार नाही.

हे त्यांनी मला तीनदा समजावलं. "सेन्सर बाहेर गारठ्यात पडला, तर थर्मोस्टॅटला वाटतं खोका गार आहे. तो तापवत सुटतो. आत सगळं शिजतं, तरी याला थंडीच वाजत असते."

"कळलं, भाऊजी."

"सगळ्यांत मोठा धोका तोच. आणि तरी समजा तसं झालंच, तर हे." त्यांनी चटईला चिकटवलेला एक बारीक फ्यूज दाखवला. सत्तर डिग्रीला तुटणारा. कट-ऑफ नसेल तर ते भाऊजी कसले.

मी म्हटलं, "सत्तरला झुरळं जगतील?"

"झुरळं नाही जगणार. घर जगेल," ते म्हणाले आणि फ्यूजवरची पट्टी पुन्हा दाबली.

चार महिन्यांत दीडशेची चारशे झाली. साहेब फुगले. आणि रविवारच्या फोनवर एक नवीनच प्रकार सुरू झाला. भाची आईला विचारायची, "किती खातो?" ताईला काय ठाऊक. ती मान वळवून विचारायची, "अहो, किती खातो?" भाऊजी वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "सांग, रोज आठ. मधली साइज." ताई फोनमध्ये सांगायची, "आठ. मधली साइज." फोन स्पीकरवर असायचा. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे सगळ्यांना ऐकू जात होतं, तरी बिचारी ताई दोन देशांच्या मधल्या दुभाष्यासारखी प्रत्येक वाक्य परत म्हणायची. एकदा ताईला शिंक आली आणि त्या अवधीत भाची चुकून थेट बोलली, "कॅल्शियमची पावडर लावता ना?" भाऊजी थेट म्हणाले, "एक दिवसाआड." ताईने शिंकून झाल्यावर पाहिलं तर तिचं काम संपलेलं होतं. तिने मला डोळ्याने खूण केली आणि भाजी निवडायला घेतली.

तरी अजून 'बाबा' नव्हतं. वाक्याला कर्ताच नसायचा. 'पावडर लावता ना', 'ट्रे बदलले का'. भाऊजी ते प्रश्न आठवडाभर जपून ठेवायचे आणि दुकानात इस्त्री उघडता उघडता गिऱ्हाइकांना सांगायचे, "मुलगी विचारत होती." एका बाईने मला बाजारात थांबवून विचारलं, "कट-ऑफना मुलगी आहे?"

मग तो रविवार आला. भाचीने व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाली, खोका बघायचाय. फोन मी धरला. ताई दारात. भाऊजींनी झाकण काढलं. नेमकं एक झुरळ नुकतीच कात टाकून बसलं होतं, पांढरंशुभ्र, दुधाच्या सायीसारखं. काही तासांनी ते तपकिरी होतं, म्हणून ते पाहायला मिळणं म्हणजे मोठं नशीब, असं भाऊजींचं मत. ते ट्रेच्या आतल्या बाजूला होतं. ट्रे काढताना सेन्सरची वायर आड येत होती. भाऊजींनी पट्टी सोडवली, सेन्सर बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि ट्रे हळूच वर उचलला.

"दिसतंय का?" ते फोनकडे न बघता म्हणाले.

"जरा जवळ धरा ना, बाबा."

भाऊजींचा हात थांबला. मग त्यांनी ट्रे फोनच्या इतका जवळ आणला, की माझ्या अंगठ्याला झुरळाच्या मिशा लागल्या. आणि मी फोन टाकला नाही, हे मी आयुष्यभर ऐकवणार आहे. भाची हसली. म्हणाली, छान सांभाळलंय. दोन मिनिटं बोलणं झालं. फोन बंद झाल्यावर भाऊजींनी ट्रे परत ठेवला, झाकण लावलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. बराच वेळ तोंड धूत होते. बाहेर आले ते सरळ चप्पल घालून फिरायला गेले. कधी जात नाहीत.

सेन्सर कट्ट्यावरच होता. तो त्यांनी तिथे ठेवलेला मी पाहिला होता. पण ज्या माणसाने लाल शाईने कागद लावलाय त्याला मी काय सांगायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं. मी वर गेले, ताईला फोन केला आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. एकाच इमारतीत राहून.

सोमवारी सकाळी घरभर वास. बंद पेटीत ओलं चामडं तापल्यासारखा. खोक्याची एक बाजू फुगून बाहेर आलेली, पुठ्ठे करपट पिवळे. फ्यूज तुटला होता, त्याने आपलं काम केलं होतं. घर जगलं होतं. आत चारशे झुरळं उताणी पडली होती. गार कोपऱ्यातली एकोणीस तेवढी हलत होती. सेन्सर खिडकीच्या गार काचेला टेकलेला, अगदी निवांत.

भाऊजींनी सेन्सरकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. "इथे झाडायला कशाला आलीस?"

ताई काल त्या खोलीत झाडायला गेली नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ही 'मी' म्हणणार. पस्तीस वर्षांची सवय. पण नाही. पलंगावरची उशी काखेत मारली, फोन आणि गोळ्यांची डबी घेतली आणि जिना चढून माझ्याकडे राहायला आली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मंगळवारी दवाखान्यातून सुटल्यावर मी थेट त्यांच्या दुकानात गेले. ते एका इस्त्रीचं बूड खरवडत होते. मी म्हटलं, "भाऊजी, परवा फोन मी धरला होता. तुम्ही काय कुठे ठेवलंत ते मी पाहिलंय."

ते खरवडत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर वर येऊन ताईला सांगा."

"तिला सांगेन." त्यांनी इस्त्री उलटी ठेवली. "पण रविवारी पोरगी विचारेल. झुरळं कशी आहेत, म्हणेल. मी काय सांगू? पुन्हा तापवायची वस्तू. पुन्हा मीच. आत्ता कुठे बाबा म्हणाली." मी त्यांना इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. चांगलं सुनवायचं ठरवून आले होते, पण मी माझी इस्त्री दुरुस्तीला द्यायची आहे असं काहीतरी बोलून निघाले.

आठवडाभर भाऊजी एकटे जेवले. काय जेवले देव जाणे. एकोणीस झुरळं त्यांनी बरणीत ठेवली होती आणि साहेबांना भोपळ्याचा कीस घालत होते. साहेब तो हुंगून तोंड फिरवत होते. ताई माझ्या खिडकीत उभी राहून खालची बाल्कनी बघायची आणि "मला काय करायचंय" म्हणायची. शनिवारी तिने मला सांगून टाकलं, "मी सांगेन पोरीला की माझ्या हातून झालं. झाडताना. तिला माझा राग येत नाही. विषय संपेल."

"आणि हे पुन्हा सुटले," मी म्हटलं.

"सुटू देत. निदान बोलतील तरी एकमेकांशी."

रविवारी सकाळी फोन यायच्या दहा मिनिटं आधी दार वाजलं. भाऊजी. इस्त्री केलेला शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आत आले आणि ताईसमोर उभे राहिले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात फोन वाजला. ताईने तो टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर भाची, ओल्या केसांची, हातात चहाचा कप.

"अरे, सगळे मावशीकडे? आणि साहेब कसे आहेत? ते पांढरं झुरळ वाढलं का?"

ताईने पदराने तोंड पुसलं. "अगं, जरा गोंधळ झाला बघ. झुरळं गेली. मी झाडायला गेले होते, तर ती वायर माझ्याकडून..."

"हिने नाही," भाऊजी म्हणाले.

ताईने त्यांचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि फोनच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले. "ही त्या खोलीत गेलीसुद्धा नव्हती. सेन्सर मी काढला. तुला पांढरं दाखवायला. आणि परत लावायचा विसरलो. मीच. आणि वर हिच्यावर ढकललं."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हीटरचंही तसंच," भाऊजी म्हणाले. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. "कट-ऑफ मी काढला होता. दोन दिवसांसाठी. मग विसरलो. मग तुझ्या पडद्यावर ढकललं. चुकलं माझं. फार चुकलं."

भाचीने ओठ आवळून धरले होते. मग म्हणाली, "एवढं म्हणायला तीन वर्षं लागली?"

"आणि चारशे झुरळं," मी मागून म्हटलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"मावशी, तू गप्प बस," ती म्हणाली. हसायला गेली आणि रडायलाच लागली. ताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून आधीच सुरू झाली होती. भाऊजी मात्र रडले नाहीत. ते पुढे वाकले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांनी दवाखान्यात विचारला नव्हता, घरी आल्यावर विचारला नव्हता, तीन वर्षांत आईच्या तोंडूनही विचारला नव्हता.

"हात दुखतो का गं?"

भाचीने नाक पुसलं. "थंडीत दुखतो."

"दाखव बघू."

तिने डावा हात उचलून फोनसमोर धरला आणि बोटं सावकाश मिटायला लागली. भाऊजींनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.